बुट्टी उघडून बघणाऱ्या हौसाक्का

हौसाक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि भाकरीच्या बुट्टीवरचं फडकं उचलून आत बघायच्या. घर ओळखीचं असो की परकं, त्यांना फरक पडत नसे. घरातल्या बाईला काही कळायच्या आत टोपलीत भाकऱ्या किती, घरात माणसं किती आणि जेवायचं अजून कोण राहिलंय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं झालेलं असायचं. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा शरमेने माझी मान खाली गेली. दुपारचे अडीच वाजले होते. बुट्टीत एक भाकरी होती आणि जेवायच्या राहिल्या होत्या दोघी, सासू आणि गरोदर सून. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, असं दुसऱ्याच्या घरात उघडून बघणं बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, "बाई, माणूस खोटं बोलंल, बुट्टी न्हाय बोलायची."

ईशान, रेवा, मागच्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, की आजी, तू इंग्रजीची प्राध्यापक, मग निवृत्त झाल्यावर दवाखान्यात काय करत होतीस. फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून क्रमाने लिहून पाठवते. पण त्यात माझं असं थोडंच आहे. बहुतेक सगळं हौसाक्कांचं आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इथल्या एका इस्पितळात लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर आहे. काही मुलं जन्मतःच हृदयात दोष घेऊन येतात. कुणाच्या पडद्याला भोक असतं, कुणाची रक्तवाहिनी भलतीकडून निघालेली असते. ही मुलं कोणत्या घरांतून येतात, हे तिला शोधायचं होतं. आई काय खात होती, केव्हा खात होती, काम काय करत होती, तंबाखूशी संबंध होता का, लग्न नात्यात झालं होतं का. अशा मुलांच्या घरी आणि धडधाकट मुलांच्याही घरी जाऊन तेच फॉर्म भरायचे होते. अडतीस प्रश्नांचा इंग्रजी फॉर्म तिने मला मराठीत करायला दिला. मी तो शब्दकोश शेजारी घेऊन, चार वेळा तपासून केला. मग ती म्हणाली, "बाई, तुमच्याबरोबर मी एकजण देते. तुम्हाला फॉर्म येतो, त्यांना माणसं येतात."

त्या हौसाक्का. बिद्रीजवळच्या एका गावात तीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, साडीखाली पांढरे कापडी बूट घालणाऱ्या. आवाज असा, की पलीकडच्या शिवारात पाणी पाजणाऱ्या माणसालाही ऐकू जावा. आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांसारखं त्या 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. पहिल्या दिवशी त्या माझ्या छोट्या गाडीत मागे बसल्या. दुसऱ्या दिवशी आपण होऊन पुढे आल्या आणि माझ्या गाडी चालवण्यावर बोलू लागल्या. कागलच्या अलीकडे त्यांनी खिडकीतून बाहेर बघत शांतपणे सांगितलं, "बाई, म्हशी पुढं गेल्या की ओ आपल्या."

माझा फॉर्म पहिल्याच घरात आपटला. 'गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत आपल्या आहारात हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण पुरेसे होते काय?' असा मी प्रश्न वाचला. समोरची मुलगी 'व्हय' म्हणाली. पुढच्या प्रश्नालाही 'व्हय'. तिच्या मागे दारात सासू उभी होती. अडतीस प्रश्न वीस मिनिटांत झाले आणि मला वाटलं, काम फार सुरेख झालं. गाडीत बसल्यावर हौसाक्का इतक्या हसल्या, की त्यांना पदर तोंडावर धरावा लागला. म्हणाल्या, "सासू दारात हुबी असल्यावर खायला कमी हुतं म्हणून कोण सांगतंय ओ? आन् तिमाही म्हंजे काय, पोरीला शाळंची परीक्षा वाटली असंल."

त्यानंतर आमची पद्धत बदलली. फॉर्म माझ्या मांडीवर असायचा आणि बोलायच्या हौसाक्का. त्या आधी सासूला बाहेर काढायच्या. कधी शेण कुठे टाकता ते दाखवा म्हणायच्या, कधी म्हशीचं वासरू बघायला न्यायच्या, आणि पाच मिनिटांत तिला वासराजवळ ठेवून परत यायच्या. दिवस केव्हा राहिले हे त्या महिन्यांत विचारत नसत. पोट राहिलं तेव्हा ऊस तुटत होता, की भांगलण म्हणजे खुरपणी चालू होती, की बेंदराचे बैल रंगवत होते, असं विचारायच्या. बाईला ते लख्ख आठवायचं. मग त्या सुगीला परड्यात भाजी काय होती, शेतात कामाला केव्हापर्यंत गेलीस, चूल कोण फुंकायचं, सगळ्यांच्या मागून जेवायला बसलीस तेव्हा कालवणात फोडी उरायच्या की नुसता रस्सा, हे ओघानेच यायचं. 'पुरेसे होते काय' या माझ्या प्रश्नाखाली मी मग पेन्सिलीने लिहिलं, 'रस्सा की फोडी'. डॉक्टरने पुढच्या छपाईत ते तसंच घेतलं.

एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक घरात सारखी निघायची. तीन महिने पुरे होईपर्यंत दिवस राहिल्याचं कुणालाही सांगायचं नाही. दृष्ट लागते. शेजारणीला नाही, नणंदेला नाही, आणि गोळ्या देणाऱ्या नर्सबाईला तर नाहीच. डॉक्टरने एकदा आम्हाला बसवून चित्र काढून दाखवलं, की बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. बाईची पाळी चुकून तिची खात्री होते न होते, तोवर कप्पे, पडदे, झडपा सगळं होऊन गेलेलं असतं. हौसाक्का त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी तीस वर्षं गोळ्या वाटल्या होत्या, त्या नाव नोंदवायला आलेल्या बायकांना, म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यात. "मग आमी उसाला तुरा आल्यावर पाणी पाजत हुतो म्हणा की," त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाली, तसं नाही, नंतरच्या गोळ्याही रक्तासाठी लागतातच. पण त्या दिवसापासून हौसाक्का लग्नाच्या मांडवात नव्या नवरींना गाठू लागल्या. हळद लागलेल्या पोरीच्या कानात त्या दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायच्या फॉलिकच्या गोळीचं सांगायच्या. करवल्या विचारायच्या, अक्का काय मंत्र देताय. त्या म्हणायच्या, "मंतर न्हाय, गोळी हाय. तुजं ठरलं की तुलाबी देतो."

आता इचलकरंजीचं सांगते. ते माझ्या चुकीचं आहे, म्हणून ते गाळणार नाही.

सारिका नावाची बावीस वर्षांची मुलगी, तिची नऊ महिन्यांची आरोही. बाळाच्या हृदयात मोठं भोक होतं, अंगावर मांस धरत नव्हतं, दूध पिताना कपाळाला घाम यायचा. सरकारी योजनेतून ऑपरेशन ठरलं होतं, तीन आठवड्यांनी. डॉक्टरने बजावलं होतं की त्याहून फार उशीर झाला तर फुप्फुसांवरचा दाब वाढेल आणि मग ऑपरेशनचा उपयोग राहणार नाही. नवरा संतोष यंत्रमागावर कामाला होता. आम्ही गेलो तेव्हा त्याने दारातच 'या पावणं' म्हणून आत घेतलं. गल्लीभर मागांचा खडखडाट, त्यामुळे त्या घरात सगळेच हौसाक्कांच्या आवाजात बोलत होते.

बाळ रडू लागलं म्हणून हौसाक्का त्याला घेऊन गल्लीत गेल्या. सासू शालन तिथेच बसली होती. आमचा नियम मला माहीत होता. पण तीन घरं राहिली होती, ऊन चढत होतं, आणि मला कोरा कागद समोर ठेवून बसवत नाही. मी फॉर्म सुरू केला. पहिल्या महिन्यांत गोळ्या घेतल्या का? सारिका खरं बोलणारी मुलगी. म्हणाली, नाही, नंतर घेतल्या, त्यातल्या काही मळमळतं म्हणून टाकल्या. मिसरी लावत होतीस का? मिसरी म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड. बायका तिने दात घासतात आणि मग तिची तलफ लागते. सारिका म्हणाली, "व्हय, लावत हुतो. दिसातनं चारदा."

शालन उठली. मुलाकडे वळून म्हणाली, "ऐकलंस न्हवं? आता डागदराच्या कागदावर आलं. हिनंच पोरीच्या काळजाला भोक पाडलं." संतोषने चप्पल घातली आणि मागावरच्या पाळीला निघून गेला.

चार दिवसांनी डॉक्टरचा फोन आला. सारिकाला बाळासह कागलजवळ माहेरी धाडलं होतं. संतोष म्हणत होता, जिने केलं तिने निस्तरावं, तो इस्पितळात येणार नाही. सही एकट्या आईचीही चालली असती. पण सारिकाच सही करायला तयार नव्हती. ती डॉक्टरला म्हणाली होती, मीच भोक पाडलं, आता पोरगीला कापायच्या कागदावर मी कुठल्या हाताने सही करू.

मी हे हौसाक्कांना सांगितलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "बाई, कागुद भरला, पर घर मोडलं की ओ," एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी घेऊन यायला सांगितलं.

आम्ही आधी सारिकाच्या माहेरी गेलो आणि तिला, बाळाला गाडीत घेतलं. वाटेत हौसाक्का तिच्याशी फक्त बाळाच्या खाण्याविषयी बोलल्या. इचलकरंजीला पोचलो तेव्हा संतोषची पाळी सुटली होती. शालनने सुनेला बघून तोंड फिरवलं. हौसाक्का आज बुट्टीकडे गेल्या नाहीत. जमिनीवर ऐसपैस मांडी घालून बसल्या आणि मला म्हणाल्या, कोरा फॉर्म काढा. मग शालनला म्हणाल्या, "बसा शालाबाई. आज तुमचा फारम."

घरात मिसरी कोण आणतं, असं त्यांनी विचारलं. शालन म्हणाली, मीच. सून कुणाच्या डबीतली लावायची? एकाच डबीतली, दोघी. तीन महिने कुणाला सांगू नको, नर्सबाईला तर नकोच, असं कोण म्हणालं होतं? शालन म्हणाली, ती रीतच आहे, दृष्ट लागू नये म्हणून सगळीच म्हणतात. सून जेवायची केव्हा? "माज्या मागनं." आणि तुमची सासू होती तेव्हा तुम्ही? "तिच्या मागनं." किती वर्षं? "एकवीस," शालन म्हणाली आणि खाली बघू लागली.

मग त्यांनी संतोषला धरलं. मागासाठी घरी सुताच्या कांड्या कोण भरायचं? बायको. कितव्या महिन्यापर्यंत? तो म्हणाला, आठव्या. आपणही ते आत्ता पहिल्यांदाच ऐकतोय, असं त्याचं तोंड झालं.

"आता बगा," हौसाक्का म्हणाल्या. "ह्या कागदावर एकली सून कुठं हाय? तुमी हाय. ह्यो हाय. तुमची मेलेली सासू हाय. आन् चौथ्या म्हयन्यात गोळ्या वाटणारी मी बी हाय की. आन् एवढं समदं असून बी डागदरीण काय म्हणती, इचारा बाईस्नी."

मी सांगितलं. ते मी डॉक्टरकडून नीट समजून घेतलं होतं. अशक्तपणा, गोळ्या न मिळणं, तंबाखू, नात्यातलं लग्न, आईचा साखरेचा आजार, यांनी धोका वाढत असावा. पण एका मुलापुढे बसून, याच्या हृदयात भोक अमुक गोष्टीनेच पडलं, असं कोणीही डॉक्टर सांगू शकत नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

शालनचा आवाज आता खाली आला होता. ती म्हणाली, मग गिऱ्हाणाचंच असेल. सारिकाला दिवस असताना ग्रहण लागलं होतं आणि ती काहीतरी चिरत होती.

हौसाक्का ग्रहणाच्या गोष्टीवर नेहमी तुटून पडायच्या. अंगणवाडीत त्यांनी गरोदर बायकांना ग्रहणात मुद्दाम बोलावून जेवू घातल्याचं मी ऐकलं होतं. मी तयारच होते. पण त्या बोलल्या तेव्हा मागांच्या आवाजात मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"माजं पयलं प्वार निळं हुतं. रडलं की व्हट जांभळागत. दीड वरसाचं हून गेलं. सासू म्हटली, गिऱ्हाणात इळीवर बसली हुतीस. मी बसलो हुतो. वांगी चिरत. जलमभर लोकास्नी सांगत आलो, गिऱ्हाणानं काय हुत न्हाय. आन् दरवक्ती गिऱ्हाण लागलं की माजं हात कापत्यात." त्यांनी सारिकाकडे बघितलं नाही, शालनकडेच बघत राहिल्या. "शालाबाई, ह्या पोरीला तेवढं दिऊ नगा."

शालनने हात पुढे केले आणि सारिकाच्या मांडीवरचं बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं. त्याची कुंची सरळ केली आणि मुलाला विचारलं, "तारीख कवा हाय? सुट्टी सांग मालकाला."

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. कागदावर दोघांनीही सही केली, संतोषने रक्त दिलं. शालन आणि हौसाक्का दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून होत्या. हौसाक्कांनी इस्पितळाचा चहा, पंखे आणि डॉक्टरांची वयं यांवर इतक्या मोठ्याने मतं दिली, की नर्सने येऊन दोनदा हळू बोला म्हणून सांगितलं. आरोही आता बालवाडीत जाते. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा ती माझ्या गाडीमागे गल्लीच्या टोकापर्यंत पळत आली होती, आणि दम लागला म्हणून नव्हे, तर आजीने हाक मारली म्हणून थांबली.

इचलकरंजीहून परतताना त्या दिवशी मी हौसाक्कांना त्यांच्या मुलाविषयी काही विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत. आम्ही पुढे वर्षभर बरोबर हिंडलो, शेकडो बुट्ट्या त्यांनी उघडल्या असतील, पण तो विषय निघाला नाही. मला वाटलं होतं, ते तिथेच संपलं.

हौसाक्का गेल्याला आता दोन वर्षं होतील. चार दिवसांचा ताप आला आणि गेल्या. मी त्यांच्या गावी गेले तेव्हा ज्या बायका जमल्या होत्या त्यांतल्या निम्म्यांची मुलं त्यांनीच वजन करून वाढवली होती. पण मला त्या आठवतात त्या आमच्या शाहूपुरीच्या घरी आलेल्या. फॉर्म भरायचं काम संपलं होतं. मी शेवटचा गठ्ठा अनुक्रमाने लावून दोरीने बांधत होते, तेवढ्यात त्या न कळवता आल्या. पिशवीतून मेथीच्या दोन पेंड्या काढून ओट्यावर ठेवल्या, टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, एक कोरा कागुद ऱ्हायलाय का?"

एक होता. मी पेन घेतलं. "बाळाचं नाव लिवा," त्या म्हणाल्या. "राजाराम."

मी लिहिलं. मग नेहमीसारखे प्रश्न विचारत गेले. फक्त विचारणारी मी होते आणि सांगणाऱ्या त्या. आईचं वय, अठरा. लग्न नात्यात, मामाच्या मुलाशी. दिवस राहिले तेव्हा उसाची भांगलण चालू होती, म्हणजे दिवसभर वाकून. जेवण सगळ्यांच्या मागून. रस्सा. मिसरी, व्हय. गोळ्या? "तवा कुठल्या गोळ्या?" दवाखान्यात केव्हा दाखवलं? बाळ गेलं त्याच्या आदल्या दिवशी. मी उत्तरं लिहीत होते आणि एकीकडे मला कळत होतं, की हा फॉर्म डॉक्टरला घेता येणार नाही. तपासणीचा एकही कागद नव्हता. हौसाक्कांनाही ते माहीत होतं.

अडतिसावा प्रश्न झाल्यावर त्यांनी विचारलं, "गिऱ्हाणाचा सवाल कुठं हाय?"

मी म्हटलं, नाही त्यात.

"समद्या दुनियेचं इचारलंय. त्येचं न्हाय?"

एवढे फॉर्म त्यांनी माझ्याबरोबर भरले होते. तो प्रश्न त्यात नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी मी सांगितलं, हौसाक्का, त्याचा संबंध नाही, म्हणून डॉक्टरने घातलेलाच नाही. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवत खाली आल्या. पान उलटलं. पाठची बाजूही तशीच, एकेक ओळ, शेवटपर्यंत. मला वाटतं, दहा मिनिटं तरी लागली असतील. मग चष्मा काढून पदराने पुसला.

"मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि खाली सही केली.

मी चहा ठेवायला उठले तर त्यांनी माझा हात धरून बसवलं. म्हणाल्या, त्या घरात हे नाव कुणी तोंडातून काढलं नाही. सासूने काढू दिलं नाही, नवरा काढायचा नाही, पुढच्या मुलांना तर ते माहीतच नाही. कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"नाव तेवढं वाचा की, बाई. मोठ्यानं."

मी वाचलं, राजाराम. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, अजून एकदा.